बॉडी खंय गावली?

"बॉडी खंय गावली?" आत्तेनं विचारलं आणि हातातला आंबा पुन्हा पेंढ्यावर ठेवला.

२०२५ चा एप्रिल. देवगडला आमच्या पडवीत पेट्यांची रास लागलेली. हापूसच्या दिवसांत रात्री अकरा-साडेअकरापर्यंत पेट्या भरायचं काम चालतं, आणि शनिवार-रविवारी दहा वाजले की ओटीवरचा टीव्ही पडवीकडे वळवून ठेवतात. हात आंब्यावर, डोळे 'सीआयडी'वर. त्या रात्री एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात गेले, असं दाखवलं. आग झाली, धूर झाला, संगीत चढलं. पडवीत कुणी बोलेना. वाडीतल्या दोघीजणी पेट्या भरायला येतात, त्यातल्या एकीनं पदर डोळ्यांना लावला. आणि आत्तेनं तो प्रश्न विचारला.

मग जो तो बोलायला लागला. बाबांना ते पटलं होतं. प्रद्युम्नचं काम करणाऱ्या शिवाजी साटमांना याच महिन्यात पंचाहत्तर पुरी होतायत, माणसानं किती दिवस धावायचं, कधीतरी नव्याला जागा द्यायलाच हवी, असं त्यांचं म्हणणं. पुतण्या कॉलेजात आहे, त्याला भाग फार आवडला होता. बार्बोझाचं काम तिग्मांशू धुलियानं केलं आहे, असा भारदस्त खलनायक या मालिकेत क्वचितच आला, आणि त्याची खरी दहशत बसायची असेल तर कुणीतरी मोठा माणूस जायलाच पाहिजे, हा त्याचा मुद्दा. मुद्दा चुकीचा नव्हता. पदर लावलेली म्हणाली, "म्हाताऱ्या मानसाक असा मारूचा नाय. खाटेर गेलो असतो तर चलला असता." तिचंही बरोबरच होतं. सत्तावीस वर्षं ज्याला घरात घेतलं, त्याला शेवटी चार माणसं तरी खांद्याला मिळायला हवी होती, असं तिला वाटलं.

शेजारचे हवालदारकाका पायरीवर बसले होते. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली. ते सगळ्यांत शेवटी बोलले. "पंचनामो नाय, ओळख पटवलेली नाय, डीएनए नाय. येरवी तो फॉरेन्सिकवालो साळुंखे एका केसावरना खुनी सांगता. आपल्या सायबाच्या टायमाक त्याका काय झाला?"

मला त्या रात्री त्यांचं म्हणणं सगळ्यांत मोलाचं वाटलं, आणि आजही वाटतं. ज्या मालिकेनं आपल्याला कपड्यावरचा धागा आणि नखातली माती बघायला शिकवलं, तिनं स्वतःच्या सर्वांत मोठ्या माणसाचा मृत्यू आपण विनाचौकशी मान्य करावा, अशी अपेक्षा ठेवली होती. लोक रागावले ते यावर. त्या आठवड्यात मी जिथं गेलो तिथं हाच विषय होता. बंदरावर लिलावाच्या वेळी, चहाच्या टपरीवर, एसटीच्या रांगेत. वाहिनीनं समाजमाध्यमांवर श्रद्धांजलीची पोस्ट टाकली होती, त्यामुळं आमच्या वाडीतल्या दोघांना खुद्द साटमच गेले असं वाटून त्यांनी मला मुंबईचा माणूस म्हणून विचारायला गाठलं. शहरातल्या माझ्या काही मित्रांना लोकांचं हे दुःख बालिश वाटलं. पात्रासाठी कुणी रडतं का, असं ते म्हणाले. मला ते बोलणं लागलं. लोक रडत होते तेवढंच त्यांनी पाहिलं. लोक पुरावा मागत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

माझा धंदा संकलनाचा. मुंबईत मालिकांचे भाग कापतो, जोडतो. त्यामुळं त्या स्फोटाच्या प्रसंगात मला जे दिसलं ते पडवीतल्या कुणाला सांगावंसं वाटलं नाही. आमच्या कामात एखाद्याचं शरीर न दाखवणं ही गोष्ट कधीही आपोआप होत नाही. ते ठरवून केलेलं असतं. आगीवरून चित्र दुसऱ्या चेहऱ्यावर नेलं, मध्ये काय झालं ते दाखवलं नाही, म्हणजे लेखकाला परतीची वाट उघडी ठेवायची आहे. मी स्वतः असे कट मारले आहेत. कुणाला कड्यावरून ढकललं आहे आणि खाली नदी दाखवून थांबलो आहे. तेव्हा मला एवढंच कळायचं की पुढच्या आठवड्यात लोक परत येतील. आत्ते आंबा खाली ठेवून टीव्हीकडे बघत राहिली, तेव्हा त्या दोन चित्रांच्या मधल्या जागेत माणसं काय काय शोधत असतील, ते मला पहिल्यांदा दिसलं.

याच 'सीआयडी'नं २००४ मध्ये एकशे अकरा मिनिटांचा भाग एकही कट न मारता चित्रित केला होता. विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. मालिका काढणारे बी. पी. सिंग मुळातले कॅमेरामन, त्यांनाच हे सुचावं. मी तेव्हा शिकत होतो, आणि तो भाग बघून माझे हातपाय गार पडले होते. जवळजवळ दोन तास कॅमेरा माणसांच्या मागं फिरतोय, जिना चढतोय, खोलीत शिरतोय, आणि कुठंही लपायला जागा नाही. नट चुकला तर पहिल्यापासून. अशा चित्रीकरणात प्रेक्षकाला फसवता येत नाही, कारण डोळा क्षणभरही मिटत नाही. त्या भागाची आठवण मला त्या रात्री राहून राहून येत होती. तेव्हा आमच्यापासून काही लपवलं नव्हतं. आता सगळं लपवलं होतं ते एका कटात.

पण आत्तेचा प्रश्न संकलनाचा नव्हता.

'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली, तेव्हा आमच्या वाडीत रंगीत टीव्ही मोजके. आमच्याकडे होता. आतोबा, म्हणजे आत्तेचे यजमान, ट्रॉलरवर तांडेल, नौकेचे प्रमुख. नौका बंदराला लागलेली असली की ते आणि आत्ते रात्री जेवून आमच्याकडे यायचे. ओटीवरच्या खांबाला टेकून, पाय लांब करून आतोबा बसायचे, कमरेला लुंगी, अंगाला डिझेलचा आणि मिठाचा वास. साटमांना ते पूर्वीपासून ओळखायचे, दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य' मधले इन्स्पेक्टर म्हणून. शिवाय साटम आडनाव आमच्या जिल्ह्यातलं. तेवढ्यावर आतोबांनी त्यांना घरचा माणूस करून टाकलं होतं. खुनी कोण हे ते पहिल्या दहा मिनिटांत सांगायचे. त्यांचा एक ठोकताळा होता: "जो पयलो रडता, तोच." निम्म्या वेळा ते बरोबर निघायचं. आत्ते मात्र कधीच आधी नाव घ्यायची नाही. "आदी बगूया," म्हणायची. सगळं बघून झाल्यावर, पुरावा समोर आल्यावरच ती मान हलवायची.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं.

आतोबांची नौका त्याच्या चार दिवस आधी गेली होती. तेव्हा आजच्यासारखे क्षणाक्षणाला मोबाइलवर इशारे यायचे नाहीत, आणि नौका खोल समुद्रात असली तर आले असते तरी उपयोग नव्हता. वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि अलिबाग-मुंबईच्या बाजूला जमिनीवर चढलं. वाटेत कोकणच्या कितीतरी नौका सापडल्या. देवगड बंदर आडोशाचं, खराब हवेत गुजरात-कर्नाटकच्या नौकासुद्धा आसऱ्याला इथंच येतात. त्या रात्री बंदरात दिव्यांची गर्दी होती, आणि आत्ते धक्क्यावर उभी राहून एकेका नौकेचं नाव वाचत होती. मी तेव्हा मुंबईत होतो. हे मला आईनं सांगितलं. पाऊस इतका होता की नावं दिसत नव्हती, म्हणून आत्ते प्रत्येक नौकेजवळ जाऊन हाक मारत होती.

नौदल, तटरक्षक दल शोधत होतं. पुढच्या काही दिवसांत काही नौका कुठं कुठं लागल्या, काही माणसं परत आली. आतोबांच्या नौकेची एक फळी आणि दोन बोये मिळाले. माणूस एकही नाही.

बेपत्ताची तक्रार लिहून घेतली ती हवालदारकाकांनीच. ते तेव्हा नोकरीत होते. अंगावर काय होतं, हे विचारताना त्यांचा आवाज कापत होता असं आत्ते सांगते. निळी बनियन. करदोडा. डाव्या मनगटावर गोंदलेलं नाव, तिचंच. उजव्या पायाचा अंगठा दोरीत सापडून चेपलेला. हे सगळं कागदावर उतरलं, कारण समुद्रानं परत दिलेल्या माणसाला चेहरा उरत नाही. हवालदारकाकांनी नोकरीत असे कित्येक देह वाळूवर पाहिले आहेत. बुडालेला माणूस आधी तळाला जातो, मग आत वायू धरतो आणि काही दिवसांनी वर येतो. पाणी गार असलं तर उशिरा, प्रवाह असला तर भलतीकडेच. मग अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंच बोलावतात, आणि करदोड्यावरून, गोंदणावरून, दातावरून कुणाचं तरी घर ठरतं. त्यानंतर कित्येक महिने, कुठल्याही किनाऱ्याला देह लागल्याचं कळलं की काका आपणहून फोन करून गोंदण आहे का विचारायचे. नाही म्हणाले की आत्तेकडे येऊन सांगायचे. ती चहा द्यायची.

कायद्यालाही हे माहीत आहे. एखाद्याची खबर ज्यांना मिळायला हवी अशा माणसांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं, असं १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं. म्हणजे सात वर्षं कायदा त्या माणसासाठी दार लोटून घेत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या जुन्या इंग्रजी कायद्याविषयी आदर वाटला. कारण त्यात थांबणं आहे. पण त्या थांबण्याची किंमत घरच्या बाईला मोजावी लागते, तेही तितकंच खरं. सात वर्षं आत्ते एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेली. प्रत्येक ठिकाणी दाखला मागायचे, आणि दाखल्यासाठी देह मागायचे. एका टेबलावरच्या माणसानं तिला विचारलं होतं, "मग तुमचे यजमान आहेत की नाहीत, ते नक्की सांगा." तिनं सांगितलं, "ताच तर तुमका इचारूक इलंय."

शेवटी कागद झाला. २०१७ मध्ये. तिनं सही केली, कारण घराचं छप्पर गळत होतं आणि पैसे अडकले होते. भटजींनी सुचवलं, आता पालाशविधी करून घ्या. देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा देह करतात आणि त्याला अग्नी देतात. घरातल्या सगळ्यांना ते पटलं. बाबांनी तर सामानाची यादीही आणली. आत्ते नाही म्हणाली. "कागदार मेलो तर मरांदे. माज्या घरात नाय." मंगळसूत्र आजही तिच्या गळ्यात आहे. वाडीतल्या बायका आधी कुजबुजल्या, मग त्यांनीच हळदीकुंकवाला तिला बोलवायला सुरुवात केली. हे मला फार मोठं वाटतं. शास्त्र, कायदा, रीत सगळं एका बाजूला ठेवून त्या बायकांनी आत्तेचा पुरावा मान्य केला, आणि तिचा पुरावा एवढाच होता की पुरावा नाही.

त्यामुळं एप्रिलच्या त्या रात्री तिनं "बॉडी खंय गावली" विचारलं तेव्हा पडवीतले सगळे टीव्हीकडे बघत राहिले. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. हवालदारकाकांनी पंचनाम्याचा विषय काढला तो तिला साथ द्यायला, हेही मला नंतर उमगलं.

मी तिला म्हटलं, "आत्ते, मालिका आहे गं. नटाला सुट्टी हवी असेल."

"ता माका कळता," ती म्हणाली. "फ्रेडरिक्स गेलो तेवा मी काय बोललंय?"

खरं होतं. फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले, खरोखरचे गेले. ती बातमी तिनं पेपरात वाचली, फोटो बघितला, आणि देवापुढं दिवा लावला. तेव्हा तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता. खरं मरण आणि दाखवलेलं मरण यांतला फरक तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो. तिला राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा: माणूस गेला म्हणायचं आणि दाखवायचं काहीच नाही. आंब्याच्या पेटीत ती एकेक फळ तळहातावर तोलून बघते, देठाकडची बाजू अंगठ्यानं हलकेच दाबते, डाग असला तर बाजूला काढते, आणि मगच पेंढ्याच्या थरात बसवते. मुंबईच्या गिऱ्हाइकाला ती कधी दिसणार नाही. तरी तळातल्या थरात एकही फळ ती न बघता घालत नाही. असं काम करणाऱ्या माणसाला धूर दाखवून समजूत घालता येत नाही.

मी त्यानंतर बऱ्याच जणांशी या भागाविषयी बोललो. मत ठाम आहे माझं. ती हत्या लेखकांनी घाईत केली. बार्बोझा जबरदस्त होता हे पुतण्याचं म्हणणं मान्य करूनही सांगतो, मोठ्या माणसाच्या मृत्यूनं खलनायक मोठा होत नाही. त्या मृत्यूनंतर उरलेल्यांचं काय झालं ते दाखवलं, तर होतो. इन्स्पेक्टर दया रिकाम्या खुर्चीसमोर किती वेळ उभा राहतो, साळुंखे तपासणीचा अहवाल कोणत्या हातानं लिहितो, अभिजीतला विश्वास बसतो की नाही, यावर चार भाग बेतता आले असते. सत्तावीस वर्षांची ओळख त्यामागं होती. पहिल्या खेपेला, २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत, या मालिकेचे १५४७ भाग झाले होते. एवढ्या भागांत दर वेळी मेलेल्या माणसाला न्याय मिळाला. कुणीतरी त्याच्या देहाजवळ गुडघे टेकून बसलं, काहीतरी उचललं, म्हणालं की हे बघा. मला 'सीआयडी' आवडते ती यासाठी. दरवाजा तोडणं वगैरे पोरांना आवडतं, मलाही आवडायचं. पण अनोळखी मृतदेहाजवळ कुणीतरी थांबतं आहे, हे दृश्य किनाऱ्यावरच्या माणसाला फार आधार देतं. ते मला इथं, पडवीत, आत्तेच्या शेजारी बसूनच कळलं.

मे उजाडायच्या आधी मी मुंबईला परतलो. त्या काळात एक मालिका हातात होती. तिच्यात एका पात्राचा अपघात होता, आणि दिग्दर्शकाला नेहमीचाच कट हवा होता: गाडीचे दिवे, किंचाळी, अंधार. मी म्हटलं, माणूस दाखवू या. जखम नको, रक्त नको, पण रस्त्यावर पडलेली चप्पल आणि तिच्या पलीकडे हात, एवढं तरी. त्यांना पटलं नाही. भाग त्यांच्या मनासारखाच गेला. मी एका वेळी एकच गोष्ट भांडून मिळवू शकतो, आणि ती मला तेव्हा मिळाली नाही.

एसीपी प्रद्युम्न परत आले. लोक इतके मागं लागले होते की काही आठवड्यांनी त्यांना परत आणलं. त्या रात्री पावणेअकराला आत्तेचा फोन आला. ती एवढ्या रात्री कधी फोन करत नाही. फोन उचलताना माझ्या पोटात गोळा आला.

"बगलंस?" तिनं विचारलं.

मी बघितलं नव्हतं, पण बातमी माहीत होती. म्हटलं, "आले ना परत? तू म्हणालीसच होतीस."

ती गप्प राहिली. तिच्या मागं पत्र्यावर पावसाची सर वाजत होती आणि टीव्हीचा आवाज कुणीतरी बारीक केला होता.

"इतके दिस होतो खंय तो?" ती म्हणाली.

"पुढच्या भागात सांगतील, आत्ते."

"सांगूक व्हया," ती म्हणाली. "इलो ता बरा झाला. पण सांगूक व्हया."